टेपातली हाळी

कावेरीबाईंच्या शाळेत वर्ग चार, खोली एक आणि शिकवायला त्या एकट्या. कागदावर दुसरे गुरुजी होते, रामहरी गुरुजी, पण ते तालुक्याला कसल्याशा कामगिरीवर गेले ते तिकडचेच झाले. त्यांची खुर्ची तेवढी शाळेत उरली होती आणि तिच्यावर पाण्याची कळशी ठेवलेली असे. नांदूरघाटापासून दोन कोसांवरची ही धनगरवस्ती. एस.टी. फाट्यापर्यंत यायची, पुढं आपले पाय. पहिली-दुसरीची पोरं मावळतीच्या भिंतीकडं तोंड करून बसायची, तिसरी-चौथीची उगवतीकडं, आणि मधल्या मोकळ्या पट्टीत बाई दिवसभर येरझारा घालायच्या. चौथीला भागाकार सांगायला घ्यावा, तर पाठीमागं पहिली एकमेकांच्या उरावर बसलेली. पहिलीला गप करून वळावं, तर चौथी भागाकार विसरून चिंचोके खेळतेय. हाय का आता!

त्या साली नांदूरघाटात एसटीडीचा पिवळा बोर्ड नवा नवा लागला होता आणि पानटपरीवर शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. बाईंचा नवरा रवि, किराणा दुकानाचा मालक. त्यानं घरात रंगीत टीव्ही आणला आणि बाईंना माहेराहून लग्नात मिळालेला टेप कोनाड्यात जाऊन पडला. रेडिओ आणि कॅसेट एकातच, वरती मूठ, पाठीत चार मोठे सेल. धूळ पुसता पुसता बाईंच्या डोक्यात आलं, की आपल्याला दुसरा माणूस देत नाहीत तर नाही, दुसरा आवाज तर आपल्या हातात आहे.

संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी पहिली-दुसरीचे पाढे टेप केले. युक्ती अशी, की प्रश्न विचारायचा आणि जागा मोकळी सोडायची. ‘दोन त्रिक?’ की गप्प. त्या मोकळ्या जागेत पोरांनी ओरडायचं. मग टेपातल्या बाई म्हणणार ‘शाब्बास’. दुसऱ्या दिवशी टेप रामहरी गुरुजींच्या खुर्चीवर बसला, कळशी खाली उतरली, आणि मावळतीच्या भिंतीपाशी पाढ्यांचा असा गजर झाला की बाईंना चौथीकडं निवांत बघायला मिळालं. कितीतरी दिवसांनी त्यांनी एक अख्खा भागाकार शेवटपर्यंत नेला.

आता गंमत ऐका. पोरं लबाड. ‘दोन त्रिक?’ विचारलं की ‘म्हैस!’ म्हणून ओरडायची, आणि टेपातल्या बाई तितक्याच मायेनं ‘शाब्बास’ म्हणायच्या. शिवाय मधेच रविचा आवाज आला होता, ‘अगं, गुळाची ढेप कुठं ठेवलीस?’ तर दुसरी इयत्ता ‘दोन साते चौदा’ झालं की एका सुरात ‘गुळाची ढेप कुठं ठेवलीस’ म्हणायला लागली, आणि ते बहुतेकांना अजून पाठ असेल. बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी ठरवलं, की दुकानात नाही, शाळेतच टेप करायचं, आणि मोकळ्या जागेनंतर बरोबर उत्तर एखाद्या पोराच्या आवाजात घालायचं. एकेकाला बोलायला लावून पाहिलं. कुणी पुटपुटायचं, कुणी हसत सुटायचं. शेवटी मोहिनीला पुढं बोलावलं.

मोहिनी म्हणजे म्हाळू धनगराची थोरली. उन्हानं करपलेली, दोन वेण्यांतली एक कायम सुटलेली. तिचा आवाज कानाला गोड बिलकुल नव्हता. कोरडा, उंच, लांब जाणारा, पण शब्द न् शब्द सुटा. भिंतीपलीकडच्यालाही लिहून घेता यावं असा. तेव्हापासून पाढे मोहिनीचे, कविता मोहिनीच्या, दुसरीचे धडेही मोहिनीनंच वाचायचे. ती उगवतीकडं तोंड करून चौथीत बसलेली असायची आणि तिचाच आवाज मावळतीच्या पोरांना शिकवत असायचा. पहिल्या दिवशी ती सारखी वळून बघत होती, नंतर सवय झाली.

चौथीत ती दुसऱ्यांदा बसली होती, आणि ती काही ढ म्हणून नव्हे. दिवाळी झाली की म्हाळू मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघायचा. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत बसवत पार उन्हाळा सरताना माघारी. बायको भामाबाई, तान्हं पोर, तट्टू आणि मोहिनी, सगळं बिऱ्हाड बरोबर. वार्षिक परीक्षेच्या दिवशी ही पोर परभणीकडच्या कुठल्यातरी रानात. यंदाही तेच झालं तर मग संपलंच. म्हाळूनं तोंडावर सांगून टाकलं होतं, “एवढं साल बगू बाई. न्हाईतर दाखला बी नको आन् कटकट बी नको.” पास झाली असती तर पाचवीला नांदूरघाट, बाईंच्या घरी राहून. बाईंनी हे मनात पक्कं केलं होतं, रविलाही सांगून ठेवलं होतं. अडत होतं ते म्हाळूपाशी.

दसरा उलटल्यावर त्या म्हाळूच्या खोपटावर गेल्या. म्हाळू लोकर कातरत बसला होता.

“म्हाळूमामा, यंदा पोरीला आजीपाशी ठेवा. मी जिम्मा घेते.”

“मंग म्होरून हाळी कोन देनार? तुमी येता का?” म्हाळू हसत म्हणाला, पण ते हसणं वरवरचंच होतं. “म्या मागून हाकतो बाई. मेंढरू मागच्याच्या काठीनं चालत न्हाई, म्होरच्याच्या हाळीनं चालतं. मोहिनीचा आवाज आला की कळप सरळ. भामीची सवय न्हाई त्यास्नी. नवी सवय लागाय दोन म्हैनं जात्यात, तवर निम्मी मेंढरं लोकाच्या हरभऱ्यात. मार कुनी खायचा?”

बाई परत आल्या. रुसलेल्या जावयाला समजावता येतं, पण म्हाळूला नाही, कारण तो म्हणत होता ते खरंच होतं.

आणि मग तो बुधवार उजाडला. मोहिनी कळशी घेऊन पाण्याला गेली होती. टेप खुर्चीवर बसून दुसरीला धडा वाचून दाखवत होता. त्याच वक्ताला म्हाळूची मेंढरं शाळेवरून ओढ्याकडं चालली होती. पुढच्या मेंढीनं कान टवकारले. तिचं नाव बोरी. मोहिनी जन्मली तेव्हा म्हाळूनं हिची आई लेकीच्या नावानं सोडलेली. त्यांच्यात तशी रीत आहे, ती मेंढी आणि तिची पिल्लं पोरीची, लग्नात तिच्याबरोबर जायची. बोरी वळली, आणि तिच्यामागं सगळा कळप वळला. ओसरीवर आला, उंबऱ्यातून आत आला, पहिलीच्या पोरांच्या पाट्या तुडवत थेट खुर्चीपुढं येऊन उभा राहिला. रामहरी गुरुजींच्या खुर्चीपुढं एवढा पट कधी जमला नसेल. पोरं नाचायला लागली. बाई दुसरीची वही फडफडवून ‘हाड हाड’ करताहेत, आणि मेंढरं मन लावून धडा ऐकताहेत.

म्हाळू काठी घेऊन धावत आला तो दारातच थबकला. आत मेंढरं. खुर्चीतून लेकीचा आवाज. आणि पाठीमागून खरीखुरी लेक, काखेत कळशी.

“पोरगी भायेर,” तो हळू म्हणाला, “आन् मेंढरं आत.”

तेवढंच बोलून तो कळप काढून निघून गेला. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ओसरीवर येऊन बसला होता.

“बाई, म्या रातभर इचार केला. पोरगी ऱ्हाऊ दे हितं आजीपाशी. तुमचा बोलता डबा मला द्या.”

“काय?”

“डबा तट्टाच्या पाठीवर बांधतो. भामी तट्टू म्होरं धरील. डबा हाळी देतोय, मेंढरं मागून येत्यात, म्या त्यांच्या मागं. हाय काय आन् न्हाई काय!”

बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या, कारण म्हाळू हसत नव्हता. रवि मात्र घरी पोट धरून हसला. “मेंढरांना टेप! उद्या तट्टाला टीव्ही मागतील. देऊन टाकू का आपला?” बाईंनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. त्यांच्यापुढं वेगळाच पेच होता. टेप गेला की पहिली-दुसरी पुन्हा मोकाट. एका पोरीसाठी दोन वर्ग वाऱ्यावर सोडायचे? पण त्या एका पोरीला ह्या साली थांबवलं नाही तर पुढं थांबवायला काही उरणारच नव्हतं. टेप माहेरचा होता, कुणाला विचारायचं कारण नव्हतं. त्यांनी नवे सेल घातले आणि कोरी कॅसेट आणली.

टेप करायला सगळे माळावर गेले तर मोहिनीच्या तोंडून हाळी निघेना. “समोर मेंढरं न्हाईत, कुनाला बलावू?” बरोबरच होतं तिचं. मग बोरीला आणून समोर उभी केली. मोहिनीनं आधी जिभेनं टाळूवर टक् टक् केलं, मग मान वर करून लांबलचक ‘यीऽऽर्र होऽऽ’ अशी हाळी दिली. एवढीशी पोर, आणि हाळी पलीकडच्या टेकाडावर जाऊन परत आली. चालायची हाळी, पाण्यावर न्यायची हाळी, सांजची गोळा करायची हाळी. एक बाजू भरली.

भामाबाई कडेवर तान्हं घेऊन बघत उभी होती. ती पुढं आली, बाईंच्या कानाशी लागून म्हणाली, “दुसरी बाजू मोकळी हाय नव्हं? तिला दोन सबूद माज्यासाठी बी बोलाय लावा की.”

मोहिनी लाजली. बटण दाबलेलं, चक्र फिरतंय, आणि ही ओढणीचं टोक चावतेय. शेवटी म्हणाली, “आये, भाकर खाल्ली का? बाळाचं नाक पुशीत जा. पाय दुखले की तट्टावर बसत जा, बा काय म्हनत न्हाई.” अजून थोडं काहीबाही बोलली आणि पळून गेली. भामाबाई हसली आणि लगोलग पदरानं डोळे पुसले. तिला लेकीला सोडून जायचं नव्हतं आणि लेकीला नेऊन अडाणीही ठेवायची नव्हती, तेव्हा करणार काय.

निघायच्या दिवशी मोहिनीनं बाईंना एकच विचारलं. “बाई, बोरी मला इसरंल का?”

“कशी विसरेल? रोज तुझाच तर आवाज ऐकणार आहे ती.”

हे बाई अगदी मनापासून बोलल्या. तट्टाच्या पाठीवर चादरीत बांधलेला टेप हाळी देत निघाला, मेंढरं खाली माना घालून मागं निघाली, आणि मोहिनी वस्तीच्या टोकाला उभी राहून स्वतःचा आवाज लांब लांब जाताना ऐकत होती. तो पार विरेपर्यंत ती हलली नाही.

शाळेचं सांगायचं तर बाईंना धास्ती होती तसं काही झालं नाही. टेपाच्या जागी मोहिनीच खुर्चीपाशी उभी राहू लागली. ही टेपापेक्षा कडक. कुणी ‘म्हैस’ म्हणालं की शाब्बास मिळत नव्हतं, कान पिळला जायचा. उरलेल्या वेळात तिचा स्वतःचा अभ्यास. कधी गोदाकाठाकडून आलेला कुणी सांगायचा, की एक तट्टू पोरीच्या आवाजात ओरडत गावोगाव फिरतंय आणि पोरंटोरं मागं धावतात. वस्ती खो खो हसायची, मोहिनीही हसायची. उन्हाळ्यात निकाल लागला. मोहिनी पास, आणि वर्गात पहिली. बाईंनी रविच्या दुकानातले पेढे वाटले आणि सुट्टी संपून शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी नांदूरघाटच्या शाळेत नाव घालायचं ठरलं. त्या दिवसांत बाईंची चाल बदलली होती म्हणतात. असेलही. माणसाला एवढं एक तर काही मनासारखं मिळावं.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी म्हाळू परतला. सकाळची शाळा सुटत होती; नाव घालेपर्यंत मोहिनी इथंच येत होती. ओढ्याकडून घंटांचा आवाज आला आणि मोहिनी दप्तर टाकून सुसाट धावली. मागं सगळी शाळा, तिच्यामागं बाई. मेंढरं ओढ्याच्या काठाला चरत होती. बोरी मधोमध, अंगानं भरलेली, पायाशी नवं पिल्लू.

मोहिनीनं दम घेतला, मान वर केली आणि हाळी दिली. ‘यीऽऽर्र होऽऽ!’

एकाही मेंढरानं मान उचलली नाही.

तिनं पुन्हा दिली. बोरीनं कान हलवला, तो माशी उडवायला. मोहिनी जवळ गेली, टाळूवर टक् टक् केलं, अगदी तोंडाशी जाऊन हाळी दिली. बोरी अनोळखी माणसापासून सरकतात तशी दोन पावलं बाजूला झाली आणि पुन्हा गवताला लागली.

म्हाळू मागून येत होता. ते बघून तो भामाबाईनं धरलेल्या तट्टापाशी गेला. “तसं न्हाई गं पोरी,” तो म्हणाला, “सेलांनी घात केला. तिकडं रानात नवं सेल कुठलं? उनात वाळवून वाळवून चालवलं.” त्यानं तट्टावरच्या टेपाचं बटण दाबलं.

आतून आवाज आला. हाळी तीच होती, पण चक्र रडत रडत फिरत होतं. जाड, घोगरी, ताणलेली हाळी, एखादी म्हातारी विहिरीत उतरून ओरडावी तशी. आणि मेंढरांनी माना वर केल्या. सगळ्यांनी. बोरी पिल्लाला घेऊन पुढं निघाली आणि तट्टापाशी जाऊन उभी राहिली.

“म्याच संपवलं सेल,” भामाबाई खाली बघत म्हणाली. “रोज सांजच्याला दुसरी बाजू लावायची म्या. भाकर खाल्ली का म्हनून इचारायची ती, म्या व्हय म्हनायची. आवाज रोज थोडा थोडा उतरत गेला. रोज ऐकनाऱ्याला कुठं कळतंय? मेंढरांस्नी बी कळालं न्हाई.”

मोहिनी टेपाकडं बघत होती. रडली बिडली नाही. बाईंना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं, जवळ घेता आलं असतं. त्या पुढं झाल्या. “मोहिनी, मी नवे सेल देते. पुन्हा हळूहळू वळण लागेल त्यांना. तू चल. सोमवारी नाव घालायचंय ना आपल्याला?”

मोहिनीनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं टेपाचं बटण स्वतः बंद केलं. मग हनुवटी छातीला टेकवली, घसा आवळला आणि आवाज खाली, अगदी खाली नेला. टेपासारखी जाड हाळी द्यायला लागली. पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा जमली थोडी. बोरीनं मान उचलून तिच्याकडं पाहिलं.

“बाई, बगितलं मला तिनं!” मोहिनी हरखून ओरडली, आपल्या नेहमीच्या आवाजात.

बोरीनं मान खाली घातली.

मोहिनीच्या ते ध्यानात आलं. त्यानंतर ती बोलली नाही. घसा आवळून, हनुवटी दाबून, त्याच म्हातारीच्या आवाजात हाळी देत ती पुढं झाली, आणि मेंढरं एकेक करून तिच्यामागं निघाली. म्हाळू नेहमीसारखा मागून. भामाबाईनं तट्टावरचा टेप सोडून बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घेतला, पण तेवढ्या वेळात त्यांना पहिल्यांदाच त्या डब्याचा असा राग आला की ओढ्यात फेकून द्यावा. राग डब्याचा नव्हता हे त्यांना कळत होतं. ‘कशी विसरेल’ असं आपण किती सहज म्हणालो होतो.

सोमवारी त्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभ्या होत्या. मोहिनीचा दाखला पिशवीत होता. गाडी आली, थोडी थांबली, कंडक्टरनं दोनदा विचारलं आणि गाडी निघून गेली. माळावरून कुणीतरी मेंढरांना हाळी देत होतं. कुणी म्हातारी असेल असं बाईंना वाटलं, आणि त्या पुन्हा वस्तीच्या वाटेकडं बघू लागल्या.